नाणं दमत नाही, बैल दमतो

‘दुप्पट’ हा शब्द कुणी माझ्यासमोर फुशारकीनं काढला की माझं डोकं फिरतं. माझ्या नवऱ्याला हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून तो मुद्दाम काढतो. कांद्याचा भाव पडला की म्हणतो, ‘पुढच्या साली दुप्पट लावू.’ मी म्हणते, ‘लाव, आणि कांद्याच्या चाळीतच मुक्काम कर.’ तो हसतो. त्याला सगळी हकिकत माहीत आहे, कारण त्या हकिकतीतला बैल माझ्या पाठोपाठ त्याच्याच दावणीला आला.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधे. सासर आंबेगावात, घोड नदीच्या अंगाला. मी सांगते आहे ती माझ्या लग्नाच्या सालाची गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. घरात आबा, आई, माझा मोठा भाऊ आणि मी. भावाला मी दादा म्हणायची. दादा ओतूरच्या कॉलेजात जायचा. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि हरायचं म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखा करायचा. लहानपणी आम्ही चिंचोके खेळायचो. मी जिंकले की दादा म्हणायचा, ‘आणखी एक डाव.’ तो जिंकेपर्यंत मला उठू द्यायचा नाही. जेवायची वेळ व्हायची, आई हाका मारून थकायची, आणि हा बसून. शेवटी मी कंटाळून मुद्दाम हरायची. मग म्हणायचा, ‘बघ, जिंकलो का नाय?’

त्या हिवाळ्यात कॉलेजातल्या एका दोस्तानं त्याच्या डोक्यात नवीन खूळ भरलं. आळेफाट्याच्या एका हॉटेलात टीव्ही होता. तिथं क्रिकेटची मॅच लागली की पोरं टॉसवर पैसे लावायची. मॅच कोण जिंकणार ही भानगड नाही, नुसतं नाणं कुणाच्या बाजूनं पडणार तेवढं. दोस्ताची युक्ती अशी होती: हरलं की पुढच्या टॉसला दुप्पट लावायचे. परत हरलं, परत दुप्पट. कधी ना कधी नाणं आपल्या बाजूनं पडणारच. पडलं की मागचं सगळं एका झटक्यात वसूल, आणि वर पहिल्या डावाएवढे नफ्याचे. दादा दोन महिने टॉसवर लावत होता आणि खरंच जिंकत होता. चहापाण्याचे, पेट्रोलचे सुटायचे. घरी येऊन आम्हाला असं सांगायचा की जणू काही त्यानं विहिरीला नवा झरा लावलाय.

एकदा दुपारी आम्ही पडवीत उन्हाळी भुईमुगाचं बी फोडत बसलो होतो. आई, मी आणि शेंगांचा ढीग. दादा कॉलेजातून आला नि समोर बसला. म्हणाला, ‘तायडे, तुला हिशोब दाखवतो.’ खिशातलं नाणं माझ्या हातात दिलं. नाणं मी उडवायचं, तो बोलणार, आणि डाव शेंगदाण्यांचा. एक दाणा लावला, जिंकला. परत एक, परत जिंकला. एकदा हरला, दोन लावले, जिंकला. दाढेखाली दाणा फोडत म्हणाला, ‘हाय का न्हाई बरोबर?’

मग माझ्या हातातलं नाणं फिरलं. त्यानं छापा म्हटलं की काटा पडायचा, काटा म्हटलं की छापा. त्याचे दाणे संपले तसा त्यानं आईच्या सुपात हात घातला. मूठ भरली, मग ओंजळ भरली. आणखी हरला, तसा सूपच पुढं ओढायला लागला. आईनं त्याच्या हातावर चापट मारली आणि सूप उचलून मांडीवर घेतलं. ‘पेरायचं बी हाय ते. तुझ्या खेळापायी वावर मोकळं ठिवू का?’

‘अगं आई, आता लागलंच असतं. आणखी थोडं बी असतं तर जिंकलोच असतो.’

‘असतं तर,’ आई म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. मी मात्र त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली की युक्तीत काहीच खोट नाही, फक्त सूप कधीच न संपणारं पाहिजे. मी बारावीतून घरी बसवलेली पोरगी, पण एवढं मला लख्ख दिसलं. दादाला दिसलं नाही, कारण त्याला ते बघायचंच नव्हतं.

टॉसपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. त्याचे पैसे, त्याचा खिसा. पण चैत्र लागला आणि हे खूळ हॉटेलातून उठून आमच्या गोठ्यात आलं.

आमच्या गोठ्यात कोसा होता. कोसा म्हणजे त्याचा रंग, पांढऱ्यावर धुराची झाक मारलेला. दुसरं नाव आम्ही ठेवलंच नाही. तो जन्मला त्याच आठवड्यात त्याची आई तापानं गेली. त्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं नि आधी बाटली. पुढं त्याला गुळाचा खडा लागायचा. माझ्या ओढणीच्या टोकाला गूळ बांधलेला असायचा आणि तो मागं मागं हिंडून ओढणी चावून टाकायचा. आईच्या शिव्या मी खायच्या, गूळ त्यानं खायचा. मोठा झाला तसा असा भरला की बघणाऱ्याची नजर ठरू नये. आबांनी त्याला गाड्याला तयार केला.

ज्याला आमच्याकडचा बैलगाडा माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्याकडं दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा एकटाच पळतो. गावाबाहेर चढाची मातीची पट्टी केलेली असते, तिला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, पुढं एक घोडीस्वार, गाड्यावर माणूस नाही. खालून गाडा सुटला की वर बसलेला घड्याळवाला सेकंद मोजतो आणि भोंग्यावरून पुकारतो. या एका पळण्याला बारी म्हणतात. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावात आज या गावची जत्रा, परवा त्या गावची. गाडेवाले जत्रेमागून जत्रा करत फिरतात आणि पाऊस तोंडावर आला की घाट बंद होतात. आमच्या गाड्याला पुढच्या जोडीत कोसा, बाकीचे तीन बैल भावकीतले, आलटून पालटून येणारे. आबांचे गुडघे धरले होते, म्हणून गाडा दादा सांभाळायचा.

पहिल्याच जत्रेत त्याची एका बागायतदाराशी जुंपली. नगर रस्त्याच्या अंगाचा माणूस, स्वतःची जीप, म्हणून सगळे त्याला जीपवालाच म्हणायचे. दावणीला आठ-दहा शर्यतीचे बैल. माणूस वाईट नव्हता, पण चिडवायची भारी हौस. दादाला म्हणाला, ‘एका कोशावर किती दिवस गाडा वढणार, राव?’ झालं. दादानं शंभर रुपये लावले. ज्याचे सेकंद कमी त्यानं घ्यायचे. आमचा गाडा हरला, तोही डोळ्याचं पातं लवावं एवढ्या फरकानं.

दादा घरी आला तो हसतच. ‘पुढच्या जत्रंत दोनशे,’ म्हणाला. ‘एक तर आपला गाडा, न्हाईतर त्याचा. टॉसच हाय ह्यो.’

मी विचारलं, ‘दोनशे हरलास तर?’

‘तर चारशे. लागलं की मागचं सगळं फिटतं आणि वर शंभर राहत्यात.’

‘म्हंजी एवढी उरस्फोड करून शेवटाला शंभरच?’

त्याचा चेहरा उतरला. मग चिडला. ‘तुला न्हाई कळायचं. शंभराचा सवाल न्हाई. हरायचं न्हाई, हा सवाल हाय.’

खरं बोलला होता तो. तोच चिंचोक्यांचा डाव, फक्त आता समोर मी नव्हते. मी कंटाळून हरायची. जीपवाला कशाला कंटाळेल? त्याचं तर चाललं होतं बरं.

दादा दोनशे हरला. चारशे हरला. एका जत्रेत आमचा गाडा सुरेख सुटला, पण वर येता येता मागचा बैल अडखळला. दुसऱ्या जत्रेत घोडी बुजली. दरवेळी काहीतरी कारण असायचंच आणि दरवेळी ते कारण खरंही असायचं. डेअरीच्या दुधाचे पैसे गेले. मग सेकंडहँड मोटरसायकल गेली. आबांना सांगितलं, इंजिनचं काम निघालं म्हणून विकली. मला सगळं ठाऊक होतं, कारण दादाला माझ्याशिवाय कुणाशी बोलताच यायचं नाही. रोज संध्याकाळी गोठ्यात येऊन मला हिशोब सांगायचा आणि मी कोशाला आंबोण ठेवत ऐकायची.

ऐकता ऐकता मला दुसरंच दिसायला लागलं होतं. कोसा आंबोण अर्धं टाकायला लागला. भिजवलेल्या पेंडीवर तुटून पडणारं जनावर, ते नुसतं तोंड लावून मागं सरायचं. उजव्या खांद्यावर सूज आली. मी मिठाच्या कढत पाण्यानं शेकायची, हळद भरायची. सूज दोन दिवस बसायची, पुढच्या बारीनंतर परत टरारून यायची. हात लावला की त्याची कातडी थरथरायची.

मी दादाला म्हणाले, ‘याला एक जत्रा उभा ठेव.’

‘आता? आता तर लागायची पाळी आलीय. इतक्या वेळा न्हाई लागलं म्हंजी आता लागणारच.’

‘अरे, टॉसचं नाणं दमत न्हाई. किती बी वेळा उडव. हा बैल हाय, हा दमलाय. तू डाव वाढवतोस आणि तो पळायला कमी पडतोय. कसं लागंल? तो जीपवाला दर जत्रंला ताजी जोडी जुंपतो. तुझ्याकडं काय हाय? एकटा कोसा.’

‘तू गप,’ म्हणाला. त्याच्या हिशोबात रुपये दुप्पट होत होते, बैलाचा दम कुठंच मांडलेला नव्हता. आमच्या पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल की रोज पळवलेला बैल उतरतो. दादाला गाड्याचं सगळं कळत होतं, आणि तरी त्या टॉसच्या नादानं तो बैलाला नाणं समजून बसला. मला त्याचा इतका राग यायचा की वाटायचं, याच्या तोंडावरच आंबोणाचं घमेलं उपडं करावं.

वैशाख लागायच्या सुमाराला दादा सहाव्यांदा हरला. शंभरावरून सुरू झालेलं बत्तीसशेवर आलं होतं आणि तेही गेले. पुढचा डाव चौसष्टशेचा. एवढे पैसे त्या काळात आमच्या घरात एकरकमी कुणी पाहिले असतील तर ते कांद्याच्या विक्रीची पट्टी आली की, आणि ते आबांच्या कमरेला. दादाकडं कवडी नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी जीप आमच्या अंगणात आली. आबा पाण्याच्या पाळीला मळ्यात गेलेले. आई चुलीपुढं. दादानं जीपवाल्याला सरळ गोठ्यात आणलं. मी कोशाला शेकतच होते. जीपवाल्यानं कोशाचे दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलून बघितली. मग हात खांद्यावर ठेवला. कोसा शहारला. जीपवाल्यानं हात तिथंच ठेवून माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं, आणि मला कळलं की त्याला कळलंय.

‘लई गुणाचं जनावर,’ म्हणाला. ‘जरा कणकणलंय. दोन महिने उभं राहिलं की झालं.’

मी चहा आणून दिला. चहा पिऊन तो गेला. मग दादानं सांगितलं. आमच्या गाड्याची त्या सालची एकच जत्रा राहिली होती; त्या शेवटच्या जत्रेला पैसे लावायचे नाहीत, कोसा लावायचा. जिंकलो तर मागचे सगळे पैसे परत आणि वर शंभर. हरलो तर कोसा जीपवाल्याच्या दावणीला. शब्द दिलाय, दहा गाडेवाल्यांसमोर दिलाय.

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला, कारण फेकला असता. ‘तो डाव लावत न्हाई येड्या,’ मी म्हणाले, ‘तो बैल इकत घ्यायला आलता. फुकटात. दोन महिने उभा ठेवीन म्हणाला, ऐकलंस का? तुला दोन महिने सुचलं न्हाईत.’

‘आता लागणारच,’ दादा म्हणाला. पण माझ्याकडं बघून म्हणाला नाही.

तुम्ही म्हणाल, आबांना का नाही सांगितलं. कारण मी आबांना ओळखत होते. आबांनी दादाला फोडून काढला असता, आणि मग स्वतः कोशाला घाटात घेऊन गेले असते. आमच्या घरातल्या माणसानं चारचौघांत शब्द दिला की तो आबांचा शब्द. तोंडातून गेलेलं परत घ्यायचं त्यांना माहीतच नव्हतं. आबांना सांगणं म्हणजे कोसा आपल्या हातानं देऊन टाकणं. दादाशी बोलून उपयोग नव्हता, आबांशी बोलून नुकसान होतं. राहिला एकच रस्ता: शेवटच्या जत्रेच्या आधी कोसा या घराचा राहता कामा नये.

आणि तो रस्ता माझ्याच पायाशी आला होता. माझं लग्न ठरत आलं होतं. अक्षयतृतीयेला आमच्या घरी सुपारी फोडायची होती, आणि शेवटची जत्रा त्याच्या दोन दिवसांनी.

पाहुणे आले. पडवीत बैठक बसली. पुरण झालं, आमरस झाला. भावकी, आत्या, मामा सगळे. देण्याघेण्याचं फार नव्हतंच, पण आमच्याकडं लेकीबरोबर एखादं जनावर आंदण म्हणून देतात. होणारे सासरे मागायचं म्हणून नव्हे, रीत म्हणून म्हणाले, ‘पोरीबरोबर आंदण काय धाडताय, पावणं?’

‘गाय,’ आबा म्हणाले. ‘दुभती.’

मी पाण्याचे तांबे घेऊन उंबऱ्यात उभी होते. बैठकीत पोरीनं तोंड उघडायचं नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? मी तांबे खाली ठेवले आणि म्हणाले, ‘आबा, गाय नको. मला कोसा द्या.’

आत्यानं मागून माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला.

‘गाड्याचा बैल?’ आबा म्हणाले. ‘आंदणात?’

‘माझ्या हातानं वाढलाय त्यो. मी जाईन तिथं त्यो येईल.’

सासरे मिशीत हसले. ‘आमच्याकडं गाडाबिडा न्हाई, बये. मी त्याला नांगराला जुंपीन.’

‘जुंपा. पण आधी दोन महिने उभा ठिवायचा.’

‘सुपारी फुटायच्या आधीच अटी घालाया लागली ही,’ सासरे म्हणाले आणि सगळी पडवी हसली. माझा नवरा खाली मान घालून बसला होता. पुढं कधीतरी मला म्हणाला, त्याच वेळी त्याला कळलं होतं की आपलं काही खरं नाही.

आबा हसले नाहीत. त्यांनी दादाकडं बघितलं. गाडा तोच सांभाळायचा, म्हणून त्याला विचारणं रीतसर होतं. ‘तुझं काय म्हणणं?’

मी पण दादाकडं बघितलं. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं तर साऱ्या पाहुण्यांसमोर. असा कोंडलेला दादा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या घटकेला बरं वाटलं. ‘माझं काय,’ तो म्हणाला. ‘तिचाच हाय त्यो.’

‘मग दिला,’ आबा म्हणाले.

आई उठली आणि गोठ्यात जाऊन तिनं कोशाच्या कपाळाला कुंकू लावलं. एकदा कुंकू लागलं की ते जनावर लेकीचं. त्यावर बापाचा हक्क नाही, भावाचा तर नाहीच नाही.

पाहुणे गेल्यावर दादा मला म्हणाला, ‘मला तोंड दाखवायची जागा ठिवली न्हाईस तू.’

‘तोंड तुझं, तू बघ,’ मी म्हणाले. ‘बैल माझा हाय.’ त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला.

शेवटच्या जत्रेत काय झालं ते मला चुलतभावाकडून कळलं. दादानं जीपवाल्याला सांगितलं की कोसा बहिणीच्या आंदणात गेला. जीपवाला खो खो हसला. म्हणाला, ‘लेकीच्या आंदणावर डाव लावू व्हय? लोकं मला उभ्या जत्रंतनं हाकलून देतील, राव. सुटलास तू.’ डाव मोडला. गेलेले पैसे गेलेच. पण गाड्याची नोंद झालेली होती, म्हणून कोशाच्या जागी चुलत्यांचा एक नवाकोरा बैल जुंपला. आणि नशिबाची थट्टा बघा, त्या दिवशी आमचा गाडा असा आला की भोंगेवाल्यानं सेकंद दोनदा पुकारले. जीपवाला हरला.

दादा घरी आला तेव्हा त्याचं डोकं भंडाऱ्यानं पिवळं झालेलं होतं आणि तोंड रडवेलं. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलला, ते एवढंच: ‘आज लागलं व्हतं.’

‘कोसा नव्हता म्हणून लागलं,’ मी म्हणाले. ‘ताजा बैल व्हता म्हणून लागलं. कोसा असता तर न्हाई.’

‘लागलं व्हतं,’ तो म्हणाला आणि आत गेला. हा वाद आमच्यात आजही चालू आहे आणि मी मरेपर्यंत तो सोडणार नाही, कारण मी बरोबर आहे.

लग्नाच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. कोशाला धरायला ताकदीचा माणूस पाहिजे, म्हणून शिंगं दादानंच धरली. डॉक्टरांनी खांद्याला चीर दिली तसा वाटीभर पू आला. डॉक्टर म्हणाले, ‘आणखी एकदा जुंपला असता तर हा पाय कायमचा गेला असता.’ दादानं ते ऐकलं. शिंगं सोडली नाहीत, पण मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी बोलेल. नाही बोलला. माझ्या लग्नात पंगतीत वाढत होता, पाहुण्यांना पान-सुपारी देत होता, आणि माझ्याकडं बघत नव्हता. पाठवणीच्या वेळी मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले. दादा मांडवाचा बांबू सोडवत होता.

कोसा नंतर टेम्पोतून आला. आबा बरोबर आले. जत्रेत बोलाचाली होतातच, त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. दावं माझ्या हातात देताना म्हणाले, ‘मला आधी सांगाया काय झालं व्हतं?’

‘तुमी शब्द पाळला असता.’

आबांनी थोडा विचार केला. ‘व्हय,’ म्हणाले. ‘पाळला असता.’ आणि कोशाच्या पाठीवर हात फिरवून चहा प्यायला आत गेले.

भाऊबीज आली. नणंदा आल्या, माझ्या नवऱ्याला ओवाळलं, घर भरलं. मी निरांजन लावून, पाट मांडून बसले. एसटी आली की उठून बघायची. दादा आला नाही. मला लई वाईट वाटलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, म्हणून सासूबाई म्हणाल्या, बाहेर जाऊन चंद्राला ओवाळून घे. मी म्हणाले, नाही. मला भाऊ आहे. मी ताट घेतलं आणि गोठ्यात जाऊन कोशाला ओवाळलं. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, ‘येडी का काय ही?’ पण त्या हसल्या नाहीत.

सासऱ्यांनी माझी अट पाळून कोशाला दोन महिने उभा ठेवला होता. पुढं तो हलकं काम करायला लागला, वखराला, पेरणीच्या पाभरीला. खांद्यावर चिरेचा पांढरा वण राहिला. गावात लोक टोमणे मारायचे, गाड्याचा बैल पाभरीला. मी म्हणायची, ‘पाभरीला हाय पण चार पायांवर हाय.’

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला दुपारच्या एसटीनं दादा आला. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो घरात आला नाही, सरळ गोठ्यात गेला. कोशानं मान वळवून त्याचा हात हुंगला. दादा कितीतरी वेळ त्या वणावरून बोट फिरवत उभा होता. मी बाहेर गेले नाही. त्याचं त्याला होऊ दिलं.

आत आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यानं खिशातून शंभराची एक नोट काढली, करकरीत, घडीसुद्धा न पडलेली, आणि ताटात ठेवली.

मी म्हणाले, ‘एवढे कशाला?’ तेव्हा ओवाळणीला शंभर म्हणजे पुष्कळच.

दादा खाली बघत म्हणाला, ‘लागलं असतं तरी एवढंच राहिलं असतं.’

मी ताट धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. निरांजन विझेल म्हणून सासूबाईंनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. दादा पाटावरून उठला आणि लहानपणी चिंचोक्यांच्या डावावरून मी रुसले की मारायचा तशी त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

त्या शंभराचा मी दुसऱ्या दिवशी मंचरच्या बाजारातून गूळ आणला. दादा चार दिवस राहिला. रोज सकाळी उठून तोच कोशाला गुळाचा खडा चारायचा.